नवमीचं बिरडं

शनिवारी सकाळी सात वाजता वालाचा मोड साधारण चार मिलिमीटर भरला. रत्नप्रभाने फडक्याची गाठ सोडून वेगवेगळ्या थरांतले दहा दाणे उचलले, खिडकीत उजेडाला धरले आणि कंपासपेटीतल्या पट्टीने मोजले. मोड दाण्याच्या पांढऱ्या डोळ्याजवळूनच फुटतो आणि बाहेर पडताच, काहीतरी आत विसरल्यासारखा, किंचित मागे वळतो. दहापैकी नऊ दाणे असे मागे वळले होते. दहावा सरळ होता. त्याला तिने बाजूला ठेवलं.

अलिबागहून आलेल्या सूचनेप्रमाणे मोड नखाएवढा हवा होता. कुणाचं नख आणि कुठल्या बोटाचं, हे सूचनेत नव्हतं. तीस वर्षं आर्णीच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला असल्या मापाचा त्रास होतो. तिने आपल्या करंगळीचं नख प्रमाण धरलं, नऊ मिलिमीटर, आणि उरलेले पाच मिलिमीटर संध्याकाळपर्यंत कसे वाढणार या विचारात फडकं पुन्हा ओलं करून गाठ मारली.

हा सगळा खटाटोप एका मुलीसाठी होता आणि ती मुलगी आतल्या खोलीत झोपली होती. शुलामीत झिराडकर, घरच्यांची शुला. पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. ज्यांना एकेकाळी अलिबागकडे शनिवार तेली म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे. रत्नप्रभाच्या अवधूतला तिच्याशी लग्न करायचं होतं. हे त्याने दोन वर्षांपूर्वी आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, बघू.

रत्नप्रभाचं "बघू" म्हणजे नकार नव्हे, हे घरात सर्वांना माहीत होतं. होकारही नव्हे, हेही माहीत होतं. प्रयोगशाळेत तीन वाचनं जुळल्याशिवाय तिने कधी उत्तर लिहू दिलं नव्हतं. इथे तर एक मोबाइलवरचा फोटो आणि दिवाळीतला सव्वातीन मिनिटांचा फोन, एवढीच सामग्री होती. शुलाच्या वडिलांनी वर्षभर मुलीशी बोलणं टाकून शेवटी मान हलवली, तरी इकडचं "बघू" जागचं हललं नव्हतं. मग वामनरावांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, पुढाकार घेतला. भूमी अभिलेख खात्यात जन्म गेलेला माणूस. दोन बाजूंना समोरासमोर उभं केल्याशिवाय हद्द ठरत नाही, हा त्यांचा अनुभव. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहून मुलगी घरी आणायचा दिवस ठरवला: तीन ऑगस्ट, रविवार, श्रावण शुद्ध नवमी. नेरच्या त्यांच्या थोरल्या बहिणीला कळवलं, आणि नेरला कळवलेली गोष्ट मागे घेता येत नाही.

अवधूतचा फोन नंतर आला. त्या दिवशी शुला जेवणार नाही. पाणीही पिणार नाही. आंघोळ करणार नाही. चामड्याची चप्पल घालणार नाही, खुर्चीवर बसणार नाही आणि कोणाला नमस्कारही करणार नाही. जेरुसलेमचं त्यांचं मंदिर दोनदा पाडलं गेलं, आणि दोन्ही वेळा याच तिथीला, असं मानतात. त्यांच्या आव महिन्याची नवमी. वर्षातला सगळ्यात दुःखाचा दिवस.

रत्नप्रभाने विचारलं, मग तारीख बदलायची का. अवधूत म्हणाला, "नको आई. बदललीस तर तू पुन्हा बघू म्हणशील."

त्या रात्री तिने वही काढली आणि दोन रकाने आखले, चालतं आणि चालत नाही. दुसरा रकाना पानभर झाला. तिला त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली. त्यांचा महिनाही अमावस्येनंतर सुरू होतो आणि दर दोन-तीन वर्षांनी तेही एक महिना जास्तीचा घालतात. म्हणूनच या वर्षी दोन्हीकडची नवमी एका दिवशी आली होती. हे तिने वामनरावांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे माझा मुहूर्त चुकला नाही.

कोकणात या लोकांनी या दिवसाला आपलं एक नाव ठेवलंय: बिरड्याचा सण. आधीच्या दिवसांत मटण-मासे बंद, आणि उपास लागण्यापूर्वी पत्रावळीवर सोललेल्या मोडाच्या वालाचं बिरडं. हे कळल्यावर रत्नप्रभाने ठरवलं की मुलगी आपल्या घरून उपाशी राहणारच आहे तर निदान तिच्या पद्धतीने जेवून उपाशी राहील.

आर्णीच्या किराणा दुकानांत कडवे वाल नसतात. वाल म्हणताच दुकानदाराने शेंगांच्या भाजीवाल्याकडे बोट दाखवलं. म्हणून शुलाच्या आईने अलिबागहून किलोभर कुरियरने पाठवले आणि पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "वाल, घरचं बी". पेरणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पाकिटावर बी हा शब्द लिहू नये, हे अलिबागच्या बाईला कसं माहीत असणार. चोरून विकल्या जाणाऱ्या कापसाच्या बियाण्यावर धाडी चालू होत्या. कुरियरवाल्याने पाकीट अडवलं आणि कृषी खात्याच्या माणसाची चिठ्ठी आणा म्हणाला.

कृषी खात्याचा माणूस सभ्य होता. त्याने दाणे हातावर घेतले, वास घेतला आणि विचारलं की हे पेरायचे आहेत का. रत्नप्रभा म्हणाली, खायचे आहेत. मग चिठ्ठी लागत नाही, तो म्हणाला. इथेच गप्प बसावं की नाही. पण तिला खोटं किंवा अर्धवट बोलता येत नाही. तिने विचारलं, यांची उगवणशक्ती किती टक्के असेल.

"खायचे हायेत त उगवणशक्ती कायले पाहता मॅडम?"

"मोड आले पाहिजेत ना."

"मोड आले म्हंजे बियाणंच झालं."

या युक्तिवादात तिला दोष सापडेना. तीन हेलपाटे झाले. शेवटी चिठ्ठीवर "मोड आणून खाण्यासाठी, पेरणीसाठी नव्हे" असं लिहून, खाली सही-शिक्का होऊन, गुरुवारी दुपारी वाल घरी आले आणि लगेच पाण्यात पडले.

तर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मोड आठ मिलिमीटर होता. शुला शनिवारचा नियम बाजूला ठेवून स्वयंपाकघरात आली आणि मुकाट्याने साली काढायला बसली होती. सडपातळ, रुंद कपाळाची, कमी बोलणारी मुलगी. रत्नप्रभाही कमी बोलणारी. दोघींनी मिळून तासाभरात किलोभर वाल सोलले आणि बोलल्या इतकंच की आमसूल किती. सूर्यास्ताआधी सगळे पत्रावळीवर जेवले. बिरडं किंचित कडवट होतं. वामनरावांनी तीनदा घेतलं आणि मग विचारलं की दुःखाच्या दिवसाला सण काहून म्हणतात. शुला म्हणाली, "आमच्या आजीला विचारलं होतं मी. ती म्हणाली, आपण पाळतो ना, म्हणून सण."

रविवारी सकाळी शुला बाहेरच्या खोलीत पाटावर बसली. पाटाची उंची रत्नप्रभाने मोजून ठेवली होती, दोन इंच. केस विंचरलेले नाहीत, पाय उघडे, हातात विलापगीतांचं मराठी पुस्तक. ती हलक्या रडव्या चालीत वाचत होती. अवधूत शेजारी सतरंजीवर, नऊ दिवसांची दाढी वाढवून. शुलाने त्याला तसं सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं म्हणूनच वाढवली, असं त्याचं म्हणणं. मोठा दिवा बंद. रत्नप्रभाने स्वतःची आंघोळ पहाटे उरकली होती, पण साडी विटकी नेसली, आणि कोणाला न सांगता तीही पाणी प्यायली नव्हती. दुसऱ्याला सांगितलेला प्रयोग स्वतः करून पाहावा, एवढंच तिचं कारण होतं.

शेजारच्या पुष्पाताईंनी हे सगळं कुंपणावरून पाहिलं. त्यांचं निरीक्षण उत्तम होतं. त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो कोणीही काढला असता. त्यांनी वामनरावांना फाटकातच गाठलं.

"भाऊजी, कोण गेलं? आमाले सांगाचं नाही काय?"

वामनराव तेव्हा स्कूटर काढत होते; साडेअकराच्या बसने येणाऱ्या बहिणीला आणायला निघाले होते. मोजणी खात्याचा माणूस, विचारलं तेवढंच उत्तर देणारा. ते म्हणाले, मंदिर गेलं. कुठलं, कवा? लांबचं, दोन हजार वर्षं होत आली. एवढं सांगून ते स्टँडकडे गेले. पुष्पाताईंना वाटलं, दुःखाने माणसाचं डोकं ठिकाणावर नाही.

पाव तासात पुष्पाताई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या. मागे गल्लीतल्या चार बायका, आणि त्या चौघींच्या मागे मानीबाई. मानीबाई जवळच्या तांड्यावरून रविवारी भाजी घेऊन येते. गिऱ्हाइकं सगळी इकडे आलेली पाहून तीही टोपली दाराशी ठेवून आत आली. सगळ्या सतरंजीवर टेकल्या. कोणी नमस्कार केला नाही, कोणी या-बसा म्हणालं नाही. कोणी चहा मागितला नाही. अशा घरी मागत नाहीत. डबा कोपऱ्यात ठेवला गेला.

रत्नप्रभा खुलासा करायला पुढे झाली आणि थांबली. तिच्या डोळ्यांसमोर वही होती. जमिनीवर बसणं, बरोबर. अभिवादन नाही, बरोबर. खाणंपिणं नाही, बरोबर. या बायकांना कोणी काही सांगितलं नव्हतं आणि दुसऱ्या रकान्यातली एकही ओळ त्यांनी मोडली नव्हती. बरोबर निघालेलं उत्तर केवळ रीत चुकीची म्हणून खोडावं का, हा प्रश्न तिला वर्गातही कधी सुटला नव्हता. ती मागे सरकून भिंतीशी बसली.

साडेअकराची बस अकरालाच आली होती. नेरच्या वन्सं ऑटोने घरी पोचल्या तेव्हा वामनराव स्टँडवर त्यांना शोधत होते. वन्संनी मोरपंखी साडी नेसली होती, हातात दोन किलो पेढ्यांचा डबा. उंबऱ्यात त्यांनी पाहिलं: खाली बसलेल्या बायका, कोपऱ्यात पिठल्याचा डबा, दाढी वाढलेला भाचा, विटक्या साडीतली भावजय. आणि त्यांचा भाऊ कुठेच नव्हता.

वन्सं पायरीवरच बसल्या आणि वामनच्या नावाने त्यांनी जो सूर लावला तो बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेला. इतका वेळ रडायला कोणी नाही म्हणून अवघडलेल्या बायकांना मोकळं झालं. पुष्पाताई रडल्या. मानीबाई तिच्या बंजारा गोरबोलीत काहीतरी म्हणत रडली. अवधूत आत्याला सांगायचा प्रयत्न करत होता की बाबा स्टँडवर गेलेत, पण त्याचा आवाज कुठे पोचतो. आणि शुला, जी पहाटेपासून वाचत होती आणि जिच्या डोळ्यांत एक थेंब आला नव्हता, तीही पुस्तक मिटून रडू लागली.

या अवस्थेत वामनराव स्कूटरची किल्ली फिरवत आले आणि म्हणाले, "अक्का, तू आलीस का? मी तिकडे पाहतोय."

पुढची पंधरा मिनिटं इथे सांगत नाही. वन्संचा अपमान झाला होता. जिवंत भावासाठी सहा परक्या बायकांसमोर रडणं ही भरून निघणारी गोष्ट नव्हे. त्यांनी खुर्ची मागितली, तीत ताठ बसल्या आणि पाटावरच्या मुलीची चौकशी सुरू केली. आंघोळ झाली का? नाही. म्हणजे मुलगी बघायला नेरहून आले आणि मुलगी पारोशी. वडीलधाऱ्यांना नमस्कार? उद्या करीन, आत्या. आज आम्ही कोणाला करत नाही. काही गोड? संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही.

"दोन हजार वर्षांचं सुतक," वन्सं म्हणाल्या, "अजून फिटलं नाही तुमचं?"

शुला म्हणाली, "नाही फिटलं."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. मग दाराशी बसलेली मानीबाई म्हणाली, "दिवस ठरेल असला त बरं रायते बाई. एक दिवस बसाचं, रडाचं, उठाचं. ज्याचा दिवस नाही ना, ते रोजच आत रायते."

एवढं बोलून ती टोपली उचलून गेली. "येतो" म्हणाली नाही. तिच्यामागे एकेक करून बाकीच्याही गेल्या, तशाच न सांगता.

रत्नप्रभा भिंतीशी बसून राहिली. तिचं माहेरचं गाव बत्तीस वर्षांपूर्वी धरणात गेलं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असं तेव्हा सगळे म्हणाले होते. नव्या गावठाणात प्लॉट मिळाले, वीज मिळाली, शिवाराला पाणी आलं. तिच्या वडिलांच्या अंगणाची मोजणी वामनरावांच्याच खात्याने केली होती. पाणी चढलं ती तारीख तिला ठाऊक नव्हती. पाणी एका तारखेला चढतच नाही. आज पायरी, चार दिवसांनी ओटा. आई असेपर्यंत चैत्रात तिथल्या देवीची आंबील व्हायची, मग तीही राहिली. मे महिन्यात पाणी उतरलं की विहिरीचा काठ दिसतो, आणि रत्नप्रभा दर मे महिन्यात दिग्रसला मैत्रिणीकडे जाते असं सांगून तो काठ पाहून येते. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षं "बघू" म्हणण्यामागे काय होतं, हेही तिने स्वतःला सांगितलं नव्हतं. वेगळी सून येईल, वेगळा देव येईल, आणि उरलंसुरलं घर असंच, कोणालाही दोष न देता, ओट्यापर्यंत पाण्यात जाईल.

दुपार झाली. वन्सं पिठलं-भाकरी जेवून आडव्या झाल्या, कारण राग आला तरी त्यांना गोळी घ्यायची असते. दुपारनंतर वर बसलं तर चालतं, असं वहीत होतं. रत्नप्रभाने शुलाला खुर्ची दिली. शुला म्हणाली, बरं वाटतंय इथेच. म्हणून रत्नप्रभाच आपले कुरकुरणारे गुडघे घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली, आणि तिने विहिरीच्या काठाची गोष्ट सांगितली. एकदाच, क्रमाने, काही न वगळता.

शुलाने सगळं ऐकलं. कीव केली नाही. तिने विचारलं, "विहिरीला किती पायऱ्या होत्या?"

"एकवीस," रत्नप्रभा म्हणाली. बत्तीस वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने शुला म्हणाली की तिचे आजोबा या दिवसाचा एक गमतीचा नियम सांगायचे. आज लग्न नाही, जेवणावळ नाही, नवे कपडे नाहीत. पण सोयरीक पक्की करायची असेल तर आजसुद्धा चालते. का, तर थांबलात आणि तेवढ्यात दुसरं कोणी आलं तर. "अर्थात तो नियम आमच्या आमच्यातला," ती हसली. "अवधूत त्यात बसत नाही."

रत्नप्रभाने वही उघडून पहिल्या रकान्यात ते लिहून घेतलं. कारणासकट.

वन्सं उठल्या तेव्हा साडेपाच झाले होते. त्या पेपर हातभर लांब धरून वाचत होत्या. शुलाने त्यांच्याकडे पाहिलं आणि जागेवरूनच विचारलं, "आत्या, तुम्ही वाचताना मान डावीकडे कलवता. चष्मा नवीन आहे का?" नवीनच होता, पाच महिन्यांपूर्वी केलेला. तेव्हापासून डोकं दुखत होतं, आणि नेरमध्ये सगळे त्याला पित्त म्हणत होते. शुलाने त्यांना एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा, आणि सांगितलं की डाव्या काचेत चूक आहे, दुकानात परत द्या, डोळा चांगला आहे. पाच महिन्यांत वन्संच्या डोळ्याला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं.

त्यानंतर वन्संनी मुलीकडे नव्याने पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली ती थेट भावजयीशी. मुलगी गुणी आहे. उपास कडक करते. आमच्याकडच्या पोरी एकादशीला वेफर्स खातात. पारोशीचं म्हणशील तर एका दिवसाने काही होत नाही. तुझं "बघू" दोन वर्षं चाललंय, आणखी किती चालेल देव जाणे. तिच्या बापाने तरी कुठवर वाट पाहायची? आमच्या यांच्या पुतण्याचा मुलगा राजकुमार आहे, नेरला त्याचं औषधाचं दुकान आहे, शेजारचा गाळा रिकामाच आहे, तिथे चष्म्याचं दुकान फार चालेल. मी उद्याच त्याच्या आईशी बोलते.

अवधूत उठून उभा राहिला. वामनरावांनी पेपर खाली ठेवला. शुला पुस्तकाकडे पाहत होती, पण पान उलटत नव्हती.

रत्नप्रभाने घड्याळ पाहिलं. सहा पन्नास. तीन तारे दिसले की उपास सुटतो, पण श्रावणातल्या आर्णीला तारे कुठले. तिने पंचांगातून सूर्यास्त घेऊन वेळ काढून ठेवली होती, सात वाजून अठरा मिनिटं. अजून अठ्ठावीस मिनिटं नवमी होती. घसा कोरडा पडला होता. तिने पेढ्यांचा डबा उचलून फळीवर ठेवला, वरच्या, कारण जेवणावळ आज चालत नाही. मग ती वन्संसमोर येऊन उभी राहिली.

"वन्सं, राजकुमारच्या आईला त्रास देऊ नका," ती म्हणाली. "शुला आमच्याकडेच येणार आहे. माझं बघून झालं."